छातीवर डागलेलं अक्षर

(दृश्य : ट्यूडर काळातला इंग्लंड. कच्चा रस्ता, गाठोडी घेतलेली माणसं.)

निवेदन :

साल १५४७. इंग्लंडच्या गादीवर पोरवयाचा राजा, सहावा एडवर्ड. त्या वर्षी एक कायदा झाला. धडधाकट माणूस तीन दिवस कामाविना सापडला, तर त्याच्या छातीवर तापल्या लोखंडानं 'व्ही' हे अक्षर डागायचं. मग ज्यानं पकडून दिलं, त्याच्याकडे दोन वर्षं गुलाम म्हणून राबवायचं.

'व्ही' म्हणजे व्हॅगाबाँड, भटक्या.

इतका अमानुष कायदा फार काळ टिकला नाही, लवकरच मागे घ्यावा लागला. त्या शब्दावरचा डाग मात्र राहिला.

मुळात शब्द निरागस आहे. लॅटिनमध्ये 'वागारी' म्हणजे हिंडणं, भटकणं. त्यावरून 'वागाबुंदुस', आणि फ्रेंचमार्गे इंग्रजीत 'व्हॅगाबाँड'. याच कुळातलं एक नाव आपल्या शरीरातही आहे. मेंदूतून निघून मान, छाती ओलांडत पोटापर्यंत हिंडत जाणारी नस, तिला 'व्हेगस' म्हणतात ते याचमुळे. फार सुंदर नाव आहे हे.

मग माणसांवरच एवढा राग का?

(दृश्य : मेंढ्यांचे कळप, कुंपणं, मठांचे भग्न अवशेष.)

सोळाव्या शतकात गावोगावच्या सामाईक जमिनींना मेंढपाळीसाठी कुंपणं पडू लागली. माणसं वाढली, महागाई वाढली. १५३६ ते १५४० या काळात आठव्या हेन्रीनं मठ बंद केले. गरिबाला दारात भाकरतुकडा मिळायचा, तोही आधार गेला. आधी लोकांची जमीन गेली, मग ते रस्त्यावर आले, आणि रस्त्यावर येणं हाच त्यांचा गुन्हा ठरला.

१५७२ च्या कायद्यातली यादी वाचताना वाईट वाटतं. फेरीवाले, भांडी सांधणारे, अस्वलवाले, गाणारे, आणि कुणा उमरावाचा आश्रय नसलेले नट! शिक्षा काय, तर फटके आणि उजव्या कानाला तापल्या लोखंडानं भोक. शेक्सपिअरची नाटकमंडळी लॉर्ड चेंबरलेनच्या नावानं ओळखली जायची, त्यामागे हेही कारण होतं. मोठ्या माणसाचं नाव पाठीशी नसेल, तर नट आणि व्हॅगाबाँड कायद्याच्या लेखी एकच.

पुढे १८२४ मध्ये नवा कायदा आला. नेपोलियनविरुद्धचं युद्ध संपून परतलेले कितीतरी सैनिक तेव्हा बेघर होते. देशासाठी लढलेल्यांनाही उघड्यावर झोपल्याबद्दल 'रोग अँड व्हॅगाबाँड', म्हणजे लबाड आणि भटक्या, ठरवता येऊ लागलं.

(दृश्य : सोलापूर. जुनी छायाचित्रं.)

फिरस्त्याकडे संशयानं बघणारी हीच नजर इंग्रजांनी हिंदुस्थानातही आणली. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा. इथं तर एकेका माणसावरही थांबले नाहीत, जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. पुढे मुंबई इलाख्यातही तो लागू झाला. पारधी, कैकाडी, भामटे अशा कितीतरी जमातींच्या नशिबी पोलिसांकडची हजेरी आली, पासाशिवाय बाहेर पडायला बंदी आली. सोलापुरात तर तारेच्या कुंपणाआड सेटलमेंट, म्हणजे या जमातींना ठेवायची वसाहत होती. पिढ्यान् पिढ्या मुलुख तुडवणाऱ्यांना, मीठ-धान्य वाहणाऱ्यांना, खेळ करून पोट भरणाऱ्यांना एकाच जागी कोंडलं.

३१ ऑगस्ट १९५२ ला हा कायदा रद्द झाला. भटके-विमुक्त तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. पण त्यापाठोपाठ राज्याराज्यांत सराईत गुन्हेगारांसाठीचे कायदे आले, आणि गावात चोरी झाली की आजही पोलिसांची पहिली फेरी अनेकदा पारध्यांच्या पालावरच होते.