पहिल्या शब्दाआधीचं वर्ष

मूल वर्षाचं व्हायला आलं की घरातल्या सगळ्यांचं लक्ष त्याच्या तोंडाकडे लागतं. आधी ‘आई’ म्हणणार की ‘बाबा’, यावर पैजाही लागतात. आज मी तोंडाकडे जरा उशिराच येणार आहे. आधी कान, मग बोट आणि मग शब्द, कारण मुलाचं काम साधारण त्याच क्रमाने पुढे जातं. बोलणं अडलं असेल, तर पुष्कळदा त्याआधीचंच काहीतरी अडलेलं असतं.

नवजात बाळ आईचा आवाज परक्या बाईच्या आवाजापासून वेगळा ओळखतं. गर्भात शेवटचे काही महिने ते ऐकतच असतं, त्यामुळे यात फार नवल नाही. नवल पुढे आहे. कॅनडातल्या व्हँकूव्हरला जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी केलेला, १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग सांगतो. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतली बाळं घेऊन त्यांना हिंदीतले ‘टा’ आणि ‘ता’ ऐकवले. इंग्रजीत हा भेद नाही, तिथल्या मोठ्या माणसांना दोन्ही जवळपास सारखेच वाटतात.

बाळ आईच्या मांडीवर बसलेलं. स्पीकरमधून ‘टा, टा, टा’ चालू. मध्येच ‘ता’ येतो, आणि लगेच बाजूच्या पेटीत दिवा लागून आतलं खेळणं हलायला लागतं. असं काही वेळा झालं की आवाज बदलताच बाळ आपणहून पेटीकडे मान वळवतं. आईच्या कानांवर मात्र हेडफोन आणि त्यात संगीत. नाहीतर आईच नकळत हलते आणि बाळ तिच्यावरून ओळखतं. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना हा फरक कळला. दहा ते बारा महिन्यांच्या फार थोड्यांना कळला. हिंदी घरांतल्या अकरा-बारा महिन्यांच्या बाळांना तो अगदी व्यवस्थित कळत होता.

इंग्रजी घरातल्या बाळाचा कान अधू झालेला नसतो. घरात जे भेद कामाचे नाहीत, त्यांच्याकडे ते लक्ष देईनासं होतं. आपल्याकडचं मूल उलट ‘टाक’ आणि ‘ताक’ यांतला भेद त्यांचा अर्थ कळायच्या आधीपासून सांभाळून असतं. तोंडाने तो नीट काढता यायला बराच काळ जातो, ही गोष्ट वेगळी.

दुसरं काम शब्द तोडण्याचं. आपण बोलताना दोन शब्दांमध्ये थांबत नाही. मग शब्द कुठे संपला, हे बाळाला कोण सांगणार? १९९६ मध्ये जेनी सॅफ्रन आणि सहकाऱ्यांनी आठ महिन्यांच्या बाळांना ‘बिडाकू’, ‘पाडोटी’ असे चार बनावट शब्द ऐकवले. ते सलग, एका सुरात, मध्ये श्वासाइतकीही फट न ठेवता, फक्त दोन मिनिटं चालू होते. ‘बि’नंतर नेहमी ‘डा’ येतो, पण ‘कू’नंतर तीनांपैकी कुठलंही अक्षर येऊ शकतं. एवढ्या आधारावर बाळांनी शब्दांच्या कडा शोधल्या. मराठीत लावून पाहा. ‘बाळाला’, ‘बाळाने’, ‘बाळाचं’, ‘बाळाशी’. सुरुवातीचा तुकडा पक्का, शेपूट बदलतं. आपण ज्यांना प्रत्यय म्हणतो त्यांची जागा शोधायला या प्रकारचा हिशेब उपयोगी पडतो.

इतका हिशेब आपोआप होत असेल तर मोबाइल लावून दिला की झालं, असं कुणाला वाटेल. पॅट्रिशिया कूल यांच्या गटाने २००३ मध्ये हे तपासलं. नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांशी समोर बसून चिनी भाषेत बोलणारी, खेळणारी माणसं आणली. सुमारे पंचवीस मिनिटांची बारा सत्रं झाली. बाळं चिनी ध्वनींतला भेद ओळखू लागली. तीच माणसं, तोच मजकूर व्हिडिओवर दाखवला, तेव्हा काहीच फरक पडला नाही. पडदा बाळाच्या नजरेमागे जात नाही, त्याने आवाज काढला की थांबत नाही. दोन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी ‘एज्युकेशनल’ म्हणून विकल्या जाणाऱ्या व्हिडिओंबद्दल माझं मत यामुळे फारसं चांगलं नाही.

आता बोट. नऊ ते बारा महिन्यांच्या सुमारास मूल बोट दाखवायला लागतं, आणि त्यातही दोन प्रकार असतात. एक मागणीचं: बोट बिस्किटाच्या डब्याकडे, नजर डब्यावर, सोबत कुरकुर. दुसरं दाखवण्याचं: बोट खिडकीतल्या कावळ्याकडे, आणि लगेच वळून तुमच्या तोंडाकडे पाहणं. कावळा त्याला नको असतो, तुम्ही तो पाहावा एवढंच हवं असतं. समोरच्यालाही मन आहे, त्याचं लक्ष कुठेतरी असतं, ही जाण या दुसऱ्या बोटात दिसते. शब्द देण्याची खरी वेळही हीच. ‘हो, काऊ! काऊ बसलाय.’ आपण नेमकं उलट करतो: ‘काऊ राहू दे, हे बघ, पुस्तकात काय आहे?’ मुलाचं लक्ष जिथे आहे तिथलं नाव दिलं तर ते लवकर रुजतं, लक्ष ओढून आणून दिलेलं नाव तितकं रुजत नाही.

नाव दिल्यावर थांबायचं. मनात सावकाश पाच आकडे मोजा. बाळाला उत्तर जुळवायला वेळ लागतो, आणि आपण दुसऱ्याच सेकंदाला पुढचा प्रश्न टाकतो.

‘काऊ, भूभू, मम्मं, जोजो’ असं बोलू नये, असा एक सुशिक्षित समज आहे. खुशाल बोला. अशोक केळकरांनी १९६४ मध्येच या मराठी बालबोलीचा भाषावैज्ञानिक अभ्यास प्रसिद्ध केला होता. वेगवेगळ्या व्यंजनांची जोडअक्षरं नाहीत, अक्षराची पुनरुक्ती, सूर वरचा. बाळाच्या कानाला आणि जिभेला हे सोयीचं असतं. मात्र मूल ‘काका’ला ‘ताता’ म्हणालं, तर आपण ‘ताता’ म्हणू नये. आपल्या तोंडून ‘काका’च ऐकू यावं.

दोन शब्द जोडणं दीड ते दोन वर्षांत येतं: ‘बाबा भुर्र’, ‘दूध नको’. त्यानंतर केव्हातरी मूल ‘मी करलं’ म्हणायला लागतं. कधीकधी आधी ‘केलं’ म्हणणारं मूलसुद्धा. ही घसरण नाही. ‘बसलं, पडलं, हसलं’ यांवरून त्याने नियम काढलाय आणि तो सरसकट लावतंय. ‘करलं नाही, केलं म्हण’ असं दरडावण्यापेक्षा ‘अरे वा, तू केलंस!’ एवढं पुरतं.

विचार आणि भाषा कशी एकमेकांत गुंतते, ते पाहायला घरी एक गंमत करा. बिस्किटाच्या पुड्यात बटणं भरा. ‘यात काय असेल?’ ‘बिस्किटं.’ उघडून दाखवा, पुन्हा बंद करा. आता विचारा, ‘आजीने हा पुडा अजून पाहिला नाही. तिला काय वाटेल?’ तीन वर्षांचं मूल बहुधा म्हणतं, ‘बटणं.’ त्याला स्वतःला आधी काय वाटलं होतं, असं विचारलं तरी ‘बटणं’! चार-साडेचारच्या पुढे उत्तर बदलतं. घरात ‘मला वाटलं’, ‘तिला माहीत नव्हतं’ अशी वाक्यं ज्यांच्या कानांवर जास्त पडतात, त्यांना हे लवकर जमताना दिसतं.

पुण्यात असो की न्यू जर्सीत, दोन भाषांच्या घरात मूल त्यामुळे उशिरा बोलत नाही. शब्द मोजाल तेव्हा दोन्ही भाषांतले मिळून मोजा.

शेवटी, तपासणी. ‘ताट वाजवलं की दचकतो, म्हणजे ऐकू येतं’ हा पुरावा धरू नका. ताटाच्या आवाजाला दचकणाऱ्या मुलालाही ‘स’, ‘श’ ऐकू येत नसतील. कर्णबधिर बाळही सुरुवातीला आवाज काढतं, त्यामुळे घरचे निर्धास्त राहतात. ओएई ही ऐकण्याची चाचणी झोपलेल्या बाळावर काही मिनिटांत होते. ती पहिल्या महिन्यात, शंका आली तर दोषाचं निदान तिसऱ्या महिन्यापर्यंत आणि उपचार सहाव्या महिन्याआधी सुरू, असं वेळापत्रक आहे. मुंबईत वांद्र्याला ऐकण्या-बोलण्याच्या अडचणींसाठी अली यावर जंग संस्था आहे, आणि जिल्हा पातळीवर बालकांसाठी शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत.

वर्षभरात बडबड किंवा बोट दाखवणं नाही, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत स्वतःहून दोन शब्द जोडलेले नाहीत, तर ‘त्याचा बाबाही उशिराच बोलला’ म्हणून थांबू नका. आणि आलेले शब्द किंवा हावभाव नाहीसे झाले, तर वय कितीही असो, त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा.