दशांशाचा मोह आणि वर्कशॉपचा काटा

नमस्कार मंडळी. काटे दुरुस्त करणाऱ्या माणसाला तुम्ही बोलायला बोलावलंत, याचं जरा नवलच वाटतंय. आमच्याकडे माणूस येतो तो काटा बिघडल्यावर. घेण्याआधी विचारायला सहसा कोणी येत नाही. आज समोर फायबरचे साचे करणारे आहेत, हुपरीहून चांदीकाम करणारे आले आहेत, रंग-रसायनं मिसळणारे आहेत, मागे आयटीआयची पोरं बसली आहेत. तेव्हा आज घेण्याआधीचंच बोलू. विषय पिशवीत मावणाऱ्या छोट्या डिजिटल काट्यांपुरता आहे. प्लॅटफॉर्म काटे आणि ट्रक तोलणारे वे-ब्रिज यांच्या वाटेला आज जात नाही.

दुकानात गेलं की गिऱ्हाईक विचारतं, “किती दशांश दाखवतो?” दुकानदार सांगतो, “पॉइंट झिरो वनची अ‍ॅक्युरसी आहे.” तो सांगतोय ते पडद्यावरचं सगळ्यात लहान घर, म्हणजे आकडा कमीत कमी जेवढ्याने पुढे सरकतो तेवढं. काटा ०.०१ ग्रॅमचं घर दाखवतो म्हणजे तो ०.०१ ग्रॅमपर्यंत खरं बोलतो असं नाही. पडद्यावर आणखी एक आकडा वाढवायला कारखानदाराला जवळजवळ काहीच खर्च येत नाही. तो आकडा खरा ठरवायला मात्र येतो.

म्हणून कोणी “कुठला काटा घेऊ?” म्हटलं की मी उलट विचारतो, तुमच्या कामात सगळ्यात कमी काय मोजता? फायबरवाल्यांचंच उदाहरण घ्या. इपॉक्सी रेझिन आणि ते घट्ट करणारं हार्डनर, वजनाने शंभराला दहा असं प्रमाण आहे समजा. छोटा तुकडा जोडायचा, तीस ग्रॅम रेझिन घेतलं, हार्डनर लागणार तीन ग्रॅम. स्वयंपाकघरात असतो तो पाच किलोचा, एक ग्रॅमच्या घराचा काटा ठेवलात. पडद्यावर ३ दिसलं म्हणजे आत २.५ पासून ३.५ पर्यंत काहीही असू शकतं. काटा अगदी बिनचूक असला तरीसुद्धा! शंभराला दहाच्या जागी साडेआठ पडलं की साडेअकरा, हे तुम्हाला कळणारच नाही. मग दुसऱ्या दिवशी तुकडा चिकट राहिला की शिव्या रेझिनच्या कंपनीला.

माझा एक ठोकताळा आहे. कायद्यात कुठे लिहिलेला नाही, पण कामाला येतो. तुमचं सगळ्यात लहान वजन काट्याच्या किमान शंभर घरांचं असावं. छोटे काटे एक-दोन घरांची चूक करतातच. शंभर घरांत दोन घरं म्हणजे दोन टक्के, ते बहुतेक कामांत चालतं. तीन ग्रॅमला शंभर घरं हवीत तर ०.०१ चा काटा लागेल. दहा ग्रॅमच्या खाली कधी जातच नसाल तर ०.१ चा पुरे. त्यावर दशांश विकत घेऊ नका.

दुसरी बाजू कमाल वजनाची. इथे भांडं विसरलं जातं. दोनशे ग्रॅमचा पॉकेट काटा आणला, त्यावर १६० ग्रॅमचा स्टीलचा डबा ठेवला आणि ‘टेअर’ दाबलं. पडदा शून्य दाखवतो, पण डब्याचं ओझं काट्यावर आहेच. उरले चाळीस ग्रॅम. एकच काटा पाच किलोही घेईल आणि चिमूटही मोजेल, ही अपेक्षा सोडा. दोन काटे घ्या, एक मोठ्या घराचा आणि एक बारीक. जास्त दशांशांच्या एका महागड्या काट्यापेक्षा ही जोडी जास्त उपयोगी पडते.

आता काट्याच्या पोटात जाऊ. चार स्क्रू काढले की आत अ‍ॅल्युमिनियमची एक पट्टी दिसते. तिच्या मधोमध इंग्रजी आठच्या आकड्यासारखं आरपार भोक असतं. भोकाच्या कडेला धातू मुद्दाम पातळ ठेवलेला असतो आणि तिथे वर-खाली नखाएवढे स्ट्रेन गेज चिकटवलेले असतात. यालाच लोड सेल म्हणतात. वजन पडलं की पट्टी किंचित वाकते. ते वाकणं डोळ्यांना दिसत नाही. गेज ताणले किंवा दाबले जातात, त्यांचा रोध बदलतो, आणि व्हीटस्टन ब्रिज या चार रोधांच्या जोडणीतून तो बदल व्होल्टेज म्हणून बाहेर येतो. आयटीआयच्या पोरांनी ब्रिज शिकलेला आहे, तोच हा.

आता हिशेब ऐका. अशा सेलला पाच व्होल्ट दिले तर पूर्ण भारावर बाहेर येतात दहा मिलिव्होल्टच्या आसपास. दोनशे ग्रॅमचा काटा, ०.०१ चं घर, म्हणजे वीस हजार घरं. दहा मिलिव्होल्टचे वीस हजार भाग केले तर एका घराच्या वाट्याला येतो अर्धा मायक्रोव्होल्ट. व्होल्टचा वीस लाखावा भाग! एवढ्याशा इशाऱ्यावर तुमचा शेवटचा दशांश उभा आहे. मग छताचा पंखा लागला की आकडा नाचतो, शेजारी मोबाईल वाजला की उडी मारतो, बॅटरी उतरली की सरकतो, यात नवल काय? मे महिन्यात गाडीच्या डिकीतून काढून लगेच काम सुरू करू नका. अर्धा तास टेबलावर बसू द्या, पट्टीचं तापमान खोलीएवढं होऊ द्या.

लोड सेलचेही वर्ग असतात. व्यापारी काट्यांत सर्रास वापरला जाणारा सी-३ वर्गाचा सेल तीन हजार घरांपर्यंत प्रमाणित असतो. ते प्रमाणन बऱ्याच मोठ्या तापमानाच्या पट्ट्यासाठी आहे. एका खोलीत तोच सेल त्याहून बरंच चांगलं वागतो, हे खरं. पण खिशात मावणारा स्वस्त काटा ‘पाचशे ग्रॅम, ०.०१’ म्हणजे पन्नास हजार घरं सांगतो, तेव्हा शेवटचं घर शोभेचं समजून चाला. प्रयोगशाळेतले बारीक काटे वेगळ्याच तत्त्वावर, विद्युतचुंबकाच्या बलावर चालतात. ते महाग असतात, नाजूक असतात आणि पिशवीतून फिरवायचे नसतात.

आता मुख्य मुद्दा. काट्याची चूक दोन तऱ्हांची असते. एक काटा शंभर ग्रॅमला नेहमी १००.४० दाखवतो. दुसरा एकदा ९९.९०, एकदा १००.१०, एकदा १००.०० दाखवतो. लोक दुसऱ्याला चांगला म्हणतात, कारण तो खऱ्याच्या आसपास असतो. मी पहिला घेईन. त्याची चूक ठरलेली आहे, कॅलिब्रेशनने, म्हणजे खरं वजन ठेवून काटा जुळवला की, निघून जाते. दुसऱ्यावर माझ्याकडेही औषध नाही. म्हणून खरेदी करताना पहिली परीक्षा एकच वस्तू पुन्हा पुन्हा ठेवण्याची. दहा वेळा ठेवा, दहा वेळा उचला. उचलल्यावर दर वेळी शून्यावर येतो का तेही बघा. आकडा एका घराच्या आत राहिला तर काटा पुढच्या परीक्षेला बसवा, नाहीतर तिथेच परत करा.

पुढची परीक्षा कोपऱ्यांची. काट्याच्या कमाल वजनाच्या साधारण एक तृतीयांश वजन घ्या, मध्ये ठेवा, मग चारी कोपऱ्यांत. छोट्या काट्यांत इथे फरक पडतोच, किती पडतो ते महत्त्वाचं. घरी गेल्यावर रोज मध्येच ठेवायची सवय लावून घ्या.

तिसरी परीक्षा मला सगळ्यात आवडते, कारण तिला प्रमाणित वजन लागतच नाही. दोन वस्तू घ्या, प्रत्येकी कमाल वजनाच्या अर्ध्याहून जरा कमी. पहिली एकटी तोला, दुसरी एकटी तोला, मग दोन्ही एकत्र. बेरीज जुळली पाहिजे. ६१.२४ आणि ८३.५० आले, तर एकत्र १४४.७४ यायला हवेत. ते १४४.९० आले तर काटा वर जाताना वाकडा चाललाय. हे दुकानात उभ्या उभ्या दोन मिनिटांत होतं. दुकानदार वैतागला तर वैतागू दे.

आता कॅलिब्रेशन. बटण दाबून धरलं की पडद्यावर ‘कॅल’ येतं, मग १०० किंवा २०० मागतो, तेवढं वजन ठेवलं की झालं. काटा त्या वेळी प्रश्न विचारत नाही. तुम्ही ठेवाल ते शंभर, असं तो धरून चालतो. खोटं वजन ठेवलंत तर तो मन लावून खोटं शिकतो. स्वस्त काट्यासोबत डब्यात येणारं चकचकीत वजन कोणी तपासलेलं असतं? वजनांचे वर्ग ठरलेले आहेत. दोनशे ग्रॅमचं एम-१ वर्गाचं वजन १० मिलिग्रॅमपर्यंत इकडेतिकडे असू शकतं, एफ-२ चं ३ मिलिग्रॅम, एफ-१ चं १ मिलिग्रॅम. ०.०१ ग्रॅम म्हणजे १० मिलिग्रॅम. म्हणजे एम-१ वजनाची सूटच तुमच्या एका घराएवढी झाली! बारीक काट्याला एफ-२ किंवा त्याहून चांगलं घ्या, एनएबीएल या प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या मंडळाची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेच्या प्रमाणपत्रासह. एक ग्रॅमच्या काट्याला एम-१ भरपूर झालं, कारण किलोच्या वजनाला तिथे ५० मिलिग्रॅमचीच सूट आहे. आणि ते वजन चिमट्याने किंवा हातमोज्याने उचला. तेलकट बोटांनी नको.

वजन नसेल तर नाणी? दहा रुपयांचं नाणं साधारण ७.७ ग्रॅमचं असतं. नवी कोरी दहा नाणी घेतली तर ७७ च्या आसपास. झिजलेली नाणी घेऊ नका. यावरून काटा सणसणीत चुकतोय का एवढं कळतं. नाण्यांवर कॅलिब्रेशन करू नका.

कॅलिब्रेशन तुमच्याच गावी, तुमच्याच टेबलावर करायचं, हेही सांगतो. लोड सेल मोजतो ती पृथ्वीची ओढ. विषुववृत्तावर गुरुत्वत्वरण ९.७८०, ध्रुवांवर ९.८३२, म्हणजे अर्ध्या टक्क्याचा फरक. दोनशे ग्रॅमला तो एक ग्रॅम होतो. आपल्या देशातल्या देशात इतका पडत नाही, पण काटा परदेशातल्या कारखान्यात जुळवून आला असेल तर बारीक काट्यावर दिसण्याएवढा नक्की पडतो. जुन्या तराजूला ही कटकट नव्हती. दोन्ही पारड्यांना ओढ सारखीच.

आता एक खोड दाखवतो. तिच्यामुळे चांगले काटेही बदनाम होतात. रेझिन ओतलेलं भांडं ठेवलं, टेअर केलं, शून्य आलं. आता ड्रॉपरने थेंब थेंब हार्डनर टाकायला लागलात. चार थेंब पडले, पडदा ०.०० वरच. आणखी चार, तरी ०.००. झालंय असं की शून्याजवळ फार हळू होणारा बदल काट्याला तापमानाचा सरकाव वाटतो, आणि तो गुपचूप पुन्हा शून्य करतो. थेंब भांड्यात आहेत, हिशेबात नाहीत. उपाय सोपा. रेझिन ओतल्यावर पुन्हा टेअर करूच नका. रेझिन १००.०० वर ठेवा आणि ११०.०० पर्यंत थेंब टाकत जा, शून्यापासून लांब राहाल. काटा घेताना हे दुकानात पाण्याच्या थेंबांनी करून बघता येतं. मिनिटभरात आपोआप बंद होणारा काटाही मिसळणीच्या कामाला नको. टेअर विसरतो आणि सगळं मुसळ केरात.

हुपरीकरांसाठी एक. पॉकेट काट्यावर एकक बदलायचं बटण असतं, त्यात ‘टी-एल’ अशी अक्षरं येतात. तो तोळा नव्हे. ते पूर्वेकडच्या देशांतलं ‘टेल’ नावाचं माप, सदतीस-अडतीस ग्रॅमचं. आपला जुना तोळा ११.६६४ ग्रॅमचा आणि आजच्या बाजारातला दहाचा. काटा ग्रॅमवरच ठेवा, तोळे तोंडी करा.

कायद्याचं थोडक्यात. काट्यावर तोलून माल विकत किंवा विकत घेत असाल तर तो वैध मापन अधिनियम, २००९ खाली पडताळणी करून मुद्रांकित केलेला लागतो. इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दर वर्षी करायची. अशा काट्याला बाहेरून लावलेल्या पट्टीवर कमाल वजन, किमान वजन, पडताळणीचं घर आणि वर्गाचा रोमन आकडा छापलेला असतो. ती पट्टी वाचा. वर्ग तीनच्या पाच किलो, एक ग्रॅमच्या काट्यावर किमान वजन २० ग्रॅम लिहिलेलं दिसेल. त्याखाली काटा आकडा दाखवेल, पण त्यावर विसंबायचं नाही, हे बनवणाऱ्यानेच छापून दिलंय. सराफी काम वर्ग दोनचं. ऑनलाइन मागवलेल्या पॉकेट काट्यावर असला शिक्का नसतो. तो तुमच्या मिसळणीपुरता, गिऱ्हाइकासमोर नाही.

काही विचारायचंय? हं, मागून प्रश्न आलाय की जुना वापरलेला काटा घ्यावा का.

घ्या, पण त्याच्यावर काही आपटलं किंवा दाबलं गेलं होतं का, ते शोधायला हवं. दोनशे ग्रॅमच्या काट्यावर कोणी कोपर टेकवलं तरी लोड सेलची पट्टी कायमची वाकू शकते. पडद्यावर ते दिसत नाही, कारण चालू करताना काटा असेल त्या स्थितीला शून्य म्हणतो. पारडं किंचित तिरकं बसलंय का, ते कडेने बघा. मग मघाची बेरजेची परीक्षा घ्या, आणि कमाल वजनाच्या जवळ जाऊन बघा. वाकलेला सेल बहुतेक वेळा वरच्या टोकाला उघडा पडतो, आकडा वाढायचा थांबतो किंवा लवकरच ‘ओव्हरलोड’ म्हणतो. सेलच्या खाली भार अडवणारा स्क्रू असेल तर असा काटा नवा असो की जुना, जरा जास्त पैसे देऊनही घ्या. आणि बॅटरीचा कप्पा उघडून बघा, आत हिरवट पूड दिसली तर सोडून द्या.