खटक्यावर थांबलेली ताकद

मंडळी, नमस्कार. गंगापूर रोडच्या या सभागृहात आज तरुण मुलं जास्त आणि त्यांच्या शेजारी त्यांचे आईवडील दिसताहेत, याचा मला फार आनंद आहे. क्रॉसबो घ्यायची इच्छा मुलांची असते आणि घ्यावा की नाही हा प्रश्न आईवडिलांचा असतो. आज दोघांशीही एकदमच बोलता येईल.

नेमबाजी नाशिकला परकी नाही. देवळालीला तोफखान्याचं प्रशिक्षण केंद्र आहे, शहरात एअर रायफलचा सराव करणारी मुलं आहेत आणि बागलाण-कळवणकडच्या भिल्ल वस्त्यांमध्ये तिरकमठा अजून माहितीचा आहे. क्रॉसबो या सगळ्यांत नवा. बंदुकीसारखा दस्ता, त्यावर आडवं बसवलेलं धनुष्य, खाली ट्रिगर. दिसायला दोन ओळखीच्या वस्तूंची जोडणी, त्यामुळे लोकांना वाटतं की धनुष्य येतं, एअर रायफल येते, मग हेही येईलच. मी मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकवतो आणि नेमबाजीही करतो. दोन्ही बाजूंनी विचार करून सांगतो, हा समज धोक्याचा आहे.

कारण सोपं आहे. धनुष्य ओढलं की त्याचं वजन तुमच्या पाठीवर आणि खांद्यावर येतं. दहा-पंधरा सेकंदांत हात थरथरायला लागतो, तुम्ही बाण सोडता किंवा दोरी हळूच परत आणता. धोका तुमच्या दमाइतकाच टिकतो. क्रॉसबोत दोरी एकदा मागे गेली की तिला एक छोटा पोलादी खटका धरून ठेवतो. सत्तर-ऐंशी किलोचा ताण नखाएवढ्या धातूवर तोललेला असतो आणि धरणाऱ्याला त्याचं ओझं काहीच जाणवत नाही. तुम्ही पाणी पिता, मित्राशी बोलता, मागे वळून बघता. ताकद तिथेच, तशीच, पूर्णच्या पूर्ण थांबलेली असते.

याच गुणामुळे इतिहासात या हत्याराला मान मिळाला आणि त्याची भीतीही वाटली. चीनमध्ये शिआनजवळच्या मातीच्या सैन्यासोबत क्रॉसबोचे ब्राँझचे खटके सापडले आहेत. म्हणजे दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी हा भाग उत्तम बनत होता. युरोपात ११३९ साली चर्चच्या परिषदेने ख्रिश्चनांविरुद्ध त्याचा वापर करायला बंदी घातली. ती फारशी पाळली गेली नाही. ११९९ साली इंग्लंडचा राजा पहिला रिचर्ड फ्रान्समधल्या एका किल्ल्याच्या वेढ्यात क्रॉसबोच्या बाणाने जखमी झाला आणि त्या जखमेनेच गेला. चांगला धनुर्धर घडायला वर्षं लागतात, क्रॉसबो काही आठवड्यांत शिकवता येतो. शिकायला सोपं असणं हेच त्याचं बळ आणि तीच आपली आजची काळजी.

आता ताकदीकडे येऊ. पेटीवर मोठ्या अक्षरांत पाउंड लिहिलेले असतात. १७५ पाउंड, २०० पाउंड. हा आकडा म्हणजे दोरी पूर्ण मागे आणताना लागणारा जोर. पण नुसत्या जोरावरून बाणाची ताकद कळत नाही. दोरी किती अंतर बाणाला ढकलत नेते, हेही तितकंच महत्त्वाचं. लहानपणी बेचकीने कैऱ्या पाडलेल्यांना हे सांगायला नको. जाड रबर दोन बोटं ओढण्यापेक्षा बेताचं रबर कानापर्यंत ओढलं की खडा लांब जातो. मध्ययुगातले पोलादी क्रॉसबो हजार पाउंडांच्याही वर ताणाचे असायचे, पण दोरीचा प्रवास जेमतेम वीतभर. शिवाय धनुष्याची जड पोलादी पाती हलवण्यातच बरीच ऊर्जा जायची. आजची फायबरग्लासची पाती हलकी, दोरीचा प्रवास फूटभर किंवा थोडा जास्त. म्हणून १७५ पाउंडांचा आजचा क्रॉसबो त्या मानाने फार कार्यक्षम असतो.

प्रत्यक्ष हिशेब करू. ४०० ग्रेनचा, म्हणजे साधारण २६ ग्रॅमचा बाण सेकंदाला ३५० फूट वेगाने निघाला, तर त्यात जवळपास १४८ ज्यूल ऊर्जा असते. शिकारीसाठी बनवलेल्या आधुनिक क्रॉसबोचा हा नेहमीचा आकडा. स्पर्धेतल्या दहा मीटर एअर रायफलच्या छर्‍यात ८ ज्यूलच्या आसपास ऊर्जा असते. आपल्याकडे २०१६ च्या शस्त्र नियमांनी एअरगनसाठी २० ज्यूलची रेषा आखली आहे, त्यावर परवाना. पॉइंट टू-टू, म्हणजे ०.२२ इंची नळीच्या रायफलची गोळी नळीतून निघताना १४० ज्यूलच्या घरात असते. म्हणजे ‘बाण मारायचं खेळणं’ म्हणून जे आपण बघतो, ते ऊर्जेच्या बाबतीत पॉइंट टू-टूच्या शेजारी बसतं. फरक एवढाच की त्याचा बंदुकीसारखा मोठा आवाज होत नाही. मला तर हा आवाज नसणं फार घातक वाटतं. बंदुकीच्या आवाजाने आजूबाजूचा माणूस सावध तरी होतो.

दुसऱ्या टोकाला पिस्तुलाच्या आकाराचे छोटे क्रॉसबो आहेत. पेटीवर ८० पाउंड लिहिलेलं असतं आणि मुलं म्हणतात, सर, १७५ च्या निम्मा आहे. पण दोरीचा प्रवास सहाएक इंच आणि बाण बोटभर, त्यामुळे हातात येते ती एअर रायफलच्या आसपासची ऊर्जा. निम्मी नाही, कितीतरी कमी. तरीही टोकदार बाण आहे. डोळ्याला ८ ज्यूल भरपूर झाले. संरक्षक चष्म्याशिवाय हाही चालवायचा नाही.

मग नेमबाजीला किती ताकद लागते? या खेळाची आंतरराष्ट्रीय संघटना १९५६ साली जर्मनीतल्या लांड्सहूट गावी स्थापन झाली. तिच्या मैदानी प्रकारात ६५, ५० आणि ३५ मीटरवर नेम धरतात आणि क्रॉसबोचा ताण ९५ पाउंडांच्या, म्हणजे ४३ किलोच्या वर चालत नाही. जगातले उत्तम नेमबाज ६५ मीटरवर ९५ पाउंडांत भागवतात. आपण तीस मीटरवर फोममध्ये बाण रोवणार, आपल्याला २०० पाउंड कशाला हवेत? जास्त ताकदीने नेम सुधारत नाही. दोरी लवकर झिजते, टार्गेट लवकर फाटतं, बाण उपसताना दोन माणसं लागतात आणि चूक झाली तर ती मोठी होते. विकत घेणाऱ्याने दुकानात सगळ्यात कमी ताकदीचा कोणता, असं विचारावं असं माझं स्पष्ट मत आहे.

आता एक गोष्ट सावकाश दाखवतो, कारण इथे दुखापती होतात. क्रॉसबोच्या तोंडाशी लोखंडी रिकीब असते. तिच्यात पाऊल पूर्ण घालायचं, नुसता चवडा नाही. बुटाचा तळ गुळगुळीत नको. पाय निसटला तर दस्ता उसळून हनुवटीवर येतो. दोरी ताणायला वेगळी कॉकिंग दोरी येते, तिला दोन हुक आणि दोन मुठी. दस्त्यावरच्या ज्या पट्टीवरून बाण सरकतो तो रूळ. हुक मुख्य दोरीला या रुळाच्या अगदी लगत दोन्ही बाजूंना अडकवायचे. कप्पीमुळे जोर निम्मा होतो, १७५ पाउंडांच्या जागी चाळीसएक किलो. दोन्ही हात सारखे वर आणायचे. एक हात पुढे गेला की दोरी खटक्यात दोन-तीन मिलिमीटर तिरकी बसते आणि बाण दरवेळी एकाच बाजूला जातो. मुलं मग दुर्बीण फिरवत बसतात, दोष असतो ताणण्यात. म्हणून दोरी सैल असताना रुळाच्या दोन्ही कडांशी तिच्यावर मार्करने खूण करून ठेवा. ताणल्यावर दोन्ही खुणा कडांशी सारख्या दिसल्या पाहिजेत. खटक्याचा आवाज आला की सेफ्टी लागली आहे का ते डोळ्यांनी बघायचं. अनेक क्रॉसबोत ती आपोआप लागते, तरी बघायचं. बाण सगळ्यात शेवटी, नेम धरायच्या लाइनवर उभं राहिल्यावरच.

आणि अंगठा. पुढच्या हाताचा अंगठा आणि बोटं रुळाच्या कडेखाली राहिली पाहिजेत. दोरी रुळावरून धावते तेव्हा वर आलेलं बोट तिच्या वाटेत येतं. ती बोट कापते, प्रसंगी तोडते. नवख्याच्या हातात क्रॉसबो दिला की मी टार्गेटकडे बघत नाही, त्याच्या डाव्या अंगठ्याकडे बघतो.

बाणाशिवाय ट्रिगर ओढणं म्हणजे क्रॉसबो स्वतःच्या हाताने फोडणं. पात्यांतली ऊर्जा बाणाने घेऊन जायची असते. बाण नसला की ती पात्यांतच परत आदळते, पाती चिरतात, दोरी तुटते, तुकडे तोंडावर येतात. बाण दोरीला टेकलेला नसला, बोटभर पुढे असला, तरी हेच होतं. कंपनीने सांगितलेल्या वजनापेक्षा हलका बाण लावला तरी काही अंशी हेच. बाणाच्या मागची खाच सपाट हवी की अर्धचंद्राकृती, हेही पुस्तिकेत दिलेलं असतं. चुकीची लावली तर दोरी बाणाच्या वरून उडी मारू शकते. कार्बनचा बाण मारण्याआधी दोन हातांत धरून, अंगापासून दूर, जरा वाकवायचा आणि कान द्यायचा. करकर आली की तो बाद. त्याचा मोह नको.

जागेबद्दल बोलतो, कारण इथे नाशिककरांची एक खास चूक होते. आपल्याकडे पुष्कळांची दिंडोरी, पिंपळगावकडे द्राक्षबाग असते आणि वाटतं, मळ्यात कोण आहे? मळ्यात माणसं असतात. ऑक्टोबरच्या छाटणीला, एप्रिलच्या खरड छाटणीला मजूर मांडवाखाली वाकून काम करत असतात आणि पानांमागे दिसत नाहीत. चुकलेला बाण कित्येकशे मीटर जाऊ शकतो. गच्चीचा तर विचारच नको. टार्गेटमागे मातीचा उंच, रुंद ढिगारा हवा, तोही दगडगोटे वेचून काढलेला. विटांच्या भिंतीवरून बाण उलटतो. तिरंदाजीचं गवताचं टार्गेट चालत नाही, बाण त्यातून आरपार जातो. क्रॉसबोसाठीचं दाट फोमचंच टार्गेट घ्या. बाण आणायला कोणी पुढे गेलं की कोणाचाही क्रॉसबो ताणलेला नको. बाण काढून ठेवला, एवढं पुरत नाही.

कायद्याचं थोडक्यात. १९५९ च्या शस्त्र कायद्यातली शस्त्राची व्याख्या व्यापक आहे, म्हणून ऑनलाइन मिळतं यावर जाऊ नका. शहरात पोलीस आयुक्तालयात, ग्रामीण भागात जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी विचारा. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघतात, त्या काळात असली वस्तू रस्त्याने नेणं अंगाशी येईल. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात हत्याराच्या व्याख्येत धनुष्यबाण स्पष्ट लिहिलेलं आहे आणि अभयारण्यात परवानगीशिवाय हत्यार नेता येत नाही. नांदूरमध्यमेश्वरच्या अभयारण्यात पक्षी बघायला जाताना गाडीच्या डिकीत क्रॉसबो असता कामा नये.

मघाशी एका ताईंनी चिठ्ठी पाठवली आहे: दोरी ताणली आणि मारायचं रद्द झालं, तर? दोरी हाताने सोडायचा प्रयत्न करू नका. उतरवायची सोय असलेली यंत्रणा तुमच्या मॉडेलमध्ये असेल तर पुस्तिकेप्रमाणे वापरा. नसेल तर एक जुना, जड, बोथट टोकाचा बाण केवळ याच कामासाठी वेगळा ठेवा आणि लाइन मोकळी झाल्यावर तो जवळून फोममध्ये मारून क्रॉसबो रिकामा करा. ताणलेला क्रॉसबो गाडीत ठेवायचा नाही, घरात न्यायचा नाही, दुसऱ्याच्या हातात द्यायचा नाही. ताई, तुमचा मुलगा इथे असेल तर त्याला पुढे येऊ द्या. माझ्याकडे तसा बाण आहे, दाखवतो.