कोल्हापूरला समुद्र नाही, मग नौदल दिन आपला कसा?

नमस्कार मंडळी! माझ्या मागे रंकाळा दिसतोय. समुद्राची हौस भागवायला कोल्हापूरकराकडं एवढंच पाणी. म्हणून ४ डिसेंबरला नौदल दिन आला की आपण म्हणतो, ते मुंबईवाल्यांचं काम. जरा थांबा.

आधी तारीख बघू. ३ डिसेंबर १९७१ च्या संध्याकाळी पाकिस्तानी विमानांनी आपल्या विमानतळांवर बॉम्ब टाकले आणि युद्धाला तोंड फुटलं. दुसऱ्याच रात्री निपात, निर्घात आणि वीर या तीन क्षेपणास्त्र नौका कराचीवर चालून गेल्या. हेच ऑपरेशन ट्रायडेंट, आणि म्हणूनच ४ डिसेंबर हा नौदल दिन. नेतृत्व कमांडर बब्रूभान यादव यांचं.

गंमत म्हणजे या नौका मुळात बंदराच्या राखणीसाठी घेतलेल्या. इंधन कमी, पल्ला कमी. सोव्हिएत रशियातून आल्या त्या कोलकात्यात उतरल्या आणि तिथून दोर बांधून, अख्ख्या किनाऱ्याला वळसा घालून मुंबईला ओढत आणल्या. असल्या चिमुकल्या नौका घेऊन शत्रूच्या दारात जायचं म्हणजे नाद खुळाच!

वेळ रात्रीची निवडली, कारण पाकिस्तानी विमानांना अंधारात समुद्रावर हल्ला करणं जमत नव्हतं. निर्घातनं पहिलं क्षेपणास्त्र सोडलं. खैबर या विनाशिकेवरच्या लोकांना आकाशात एक झगझगता ठिपका जवळ येताना दिसला. त्यांना वाटलं, विमान आलं! त्यांनी विमानविरोधी तोफा चालवल्या. क्षेपणास्त्र आदळल्यावरही त्यांनी मुख्यालयाला कळवलं ते ‘शत्रूच्या विमानाचा हल्ला’ असंच. दुसऱ्या क्षेपणास्त्रानं खैबर बुडाली. मुहाफिज ही सुरुंगशोधक नौकाही गेली, कराची बंदरातल्या किमारीच्या तेलटाक्या पेटल्या. आपल्या तिन्ही नौका सुखरूप परतल्या.

पण जल्लोष करताना ९ डिसेंबर विसरायचा नाही. त्या रात्री दीवजवळ पाकिस्तानी पाणबुडीनं आपली खुकरी ही युद्धनौका बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबरच गेले.

आता कोल्हापूर. शिवाजी महाराजांनी १६६४ साली पायाभरणी केलेला सिंधुदुर्ग पुढं आपल्या कोल्हापूरच्या गादीकडं होता. मालवणच्या गलबतांनी इंग्रजांना एवढं सतावलं की १७६५ मध्ये त्यांनी आरमार आणून किल्ला जिंकला, नाव ठेवलं फोर्ट ऑगस्टस. तेव्हा इथला कारभार कोल्हापूरच्या राणी जिजाबाईसाहेब (शिवाजी महाराजांच्या मातोश्री नव्हेत) बघत होत्या. करार झाला, पैसे मोजले, किल्ला परत आला. पण १८१२ च्या तहात मालवण गेलंच. वर इंग्रजांनी लिहून घेतलं की कोल्हापूरनं लढाऊ गलबतं बाळगायची नाहीत. शाळेत आपल्याला पन्हाळा पाठ करवला जातो, हा तह कुणी सांगत नाही. मला विचाराल तर कोल्हापूरच्या इतिहासातली ही मोठी जखम आहे.

२०२३ चा नौदल दिन सिंधुदुर्गात झाला. युद्धनौका मालवणच्या समुद्रात उभ्या होत्या, आणि आपल्याकडं बहुतेकांना तो पाहुण्याच्या घरचा कार्यक्रम वाटला. अहो, ते बंदर एकेकाळी आपलं होतं!

सैनिक टाकळीसारखी गावं असलेला हा जिल्हा. लष्करातले जवान घरोघरी सापडतात, नौदलातल्यांची चौकशी कुणी फारशी करत नाही. तुमच्या गावात १९७१ ला जहाजावर असलेले कुणी आजोबा असतील, तर त्यांची परवानगी घ्या आणि कमेंटमध्ये फक्त गावाचं नाव टाका. कॅमेरा घेऊन आम्ही येतो.