चार ताटं, चार वाट्या

नमस्कार श्रोतेहो.

तीन-चार वर्षांचं मूल वीसपर्यंत आकडे घडाघडा म्हणतं आणि घरभर कौतुक होतं. आता त्याच्यापुढे पाच लिंबं ठेवा आणि मोजायला सांगा. बोट एका वेगानं फिरतं, तोंड दुसऱ्या वेगानं चालतं. एखादं लिंबू सुटतं, एखादं दोनदा मोजलं जातं, पाचाची सात होतात. मोजून झाल्यावर "मग किती आहेत?" असं विचारलं, की बरीच मुलं पुन्हा एकपासून सुरुवात करतात. शेवटी म्हटलेला आकडा म्हणजेच सगळी लिंबं, हे त्यांच्या मनात अजून बसलेलं नसतं. या वयात हे अगदी स्वाभाविक आहे. म्हणून रागवू नका, हाताला काम द्या. एका टोपलीतलं लिंबू उचलून दुसऱ्या टोपलीत टाकायचं आणि टाकतानाच आकडा म्हणायचा. वस्तू जागची हलली की दोनदा मोजली जात नाही.

याहून चांगली संधी जेवणाची पानं घेताना मिळते. चार ताटं मांडा आणि मुलाला म्हणा, "प्रत्येक ताटात एकेक वाटी ठेव." आकडा उच्चारूच नका. दोन-चार दिवसांनी मुद्दाम तीनच वाट्या हातात द्या. एक ताट रिकामं राहिलं, की "आणखी एक हवी" हे मूल आपणहून म्हणेल. ते थांबून विचार करत असेल तर तुम्ही गप्प राहा, उत्तर पुरवू नका. पुढची पायरी खरी अवघड असते: "सगळ्यांना पुरतील एवढे चमचे एकाच खेपेत आण." आता स्वयंपाकघरापर्यंत संख्या मनात धरून न्यावी लागते. सुरुवातीला चारच्या पुढे जाऊ नका.

दुसरा खेळ निवडण्याचा. राजमा आणि काबुली चणे, प्रत्येकी दहा-पंधरा दाणे, एका ताटात मिसळा आणि दोन वाट्या द्या. जमलं की चवळी वाढवा. मूग-मटकी मात्र सुरुवातीला नको. दाणे बारीक असतात, फरक चटकन दिसत नाही आणि मूल कंटाळतं. अंगठा आणि दोन बोटांनी एकेक दाणा उचलायचा, कारण पुढे पेन्सिल याच बोटांत धरायची आहे. मुलानं वेगळीच वाटणी केली तर "चुकलं" म्हणण्याआधी "हा इथे का ठेवलास?" असं विचारा. कदाचित त्यानं लहान-मोठे असे गट केले असतील, आणि तेही बरोबरच आहे.

तीन वर्षांखालच्या मुलांना दाणे देऊ नका. त्यांच्यासाठी बटाटे आणि कांदे घ्या. मोठं मूल खेळत असलं तरी तुम्ही शेजारीच बसा. दाणा नाकात गेलाच तर पिन किंवा बोट घालून काढू नका, तो आणखी आत सरकतो आणि ओलाव्यानं फुगतो. सरळ डॉक्टरांकडे न्या.

अक्षरांची घाई असणाऱ्या घरांसाठी एक ताट रवा पुरे. तळ जेमतेम झाकेल एवढाच पसरा, थर जाड झाला की बोटानं काढलेली रेघ मिटून जाते. आधी उभी रेघ, मग आडवी, मग गोल. अक्षर बरंच नंतर. ताट हलवलं की पाटी कोरी, त्यामुळे चुकण्याची भीती राहत नाही.

महागडी खेळणी नाहीत म्हणून अडून बसू नका. ताराबाई मोडक यांनी 1945 साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा त्यांनी आणि अनुताई वाघ यांनी शंख-शिंपले, खडे, बिया, पानं अशा भोवतालच्या वस्तूंनाच शिक्षणाचं साधन केलं.

एका वेळी दहा-पंधरा मिनिटं खूप झाली. मुलाची नजर दुसरीकडे वळली की थांबा. आवरताना दाणे मोजून डब्यात टाकायचं काम त्याच्याकडेच द्या, आणि मग फरशीवरून तुम्ही स्वतः एकदा नजर फिरवा. घरात रांगतं बाळ असेल तर घरंगळलेला राजमा सगळ्यात आधी त्यालाच सापडतो.