सदाफुली आणि निसटणारी चप्पल

हा मुलगा सात वर्षांचा आहे. खोलीपासून रिक्षेपर्यंत जाताना त्याच्या उजव्या पायातली चप्पल दोनदा निसटली. आई गेले आठ दिवस त्याला ‘पाय उचलून टाक’ असे बजावते आहे आणि तो ऐकत नाही, असे तिला वाटते. प्रत्यक्षात त्याला पाऊल वर उचलताच येत नाही.

टाटा स्मारक केंद्राचे ॲक्ट्रेक हे कर्करोगाचे रुग्णालय आणि संशोधन केंद्र नवी मुंबईत खारघरमध्ये असल्यामुळे गावाकडून आलेली अशी कितीतरी कुटुंबे या भागात महिनोन्‌महिने मुक्काम करतात. या मुलाला रक्ताचा कर्करोग, म्हणजे तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया आहे, आणि उपचाराच्या पहिल्या टप्प्यात त्याला दर आठवड्याला व्हिन्क्रिस्टीन शिरेतून मिळाले. नवी मुंबईच्या बाल्कन्यांत बारमाही फुलणाऱ्या सदाफुलीतूनच हे औषध सापडले. अमेरिकेत त्याला 1963 मध्ये मान्यता मिळाली. कुंडीतली पाने चघळून मात्र काहीही साधत नाही, उलट ती विषारी आहेत, हे इथेच सांगितलेले बरे.

पेशी दुभंगताना तिच्यात ज्या सूक्ष्म नलिका उभ्या राहतात, त्या व्हिन्क्रिस्टीन बांधू देत नाही, आणि त्यामुळे कर्करोगाची पेशी मरते. तशाच नलिका चेतातंतूंतही असतात आणि पाठीच्या कण्यापासून पावलापर्यंतची सगळी रसद त्यांच्यावरून जाते. ज्याची वाट सर्वांत लांब, त्याची रसद आधी तुटते. म्हणून त्रास पावलांपासून सुरू होतो. घोट्यामागे हातोडी मारली तरी पाऊल हलत नाही, टाचांवर चालता येत नाही, जिन्याला कठडा धरावा लागतो. काही मुलांचा जबडा दुखतो, पापणी उतरते, आवाज बसतो. बुरशीवरची इट्राकोनॅझोल किंवा व्होरिकोनॅझोल ही औषधे सोबत चालू असली, तर यकृतातून व्हिन्क्रिस्टीनचा निचरा मंदावतो आणि हाच त्रास वाढतो. वेळेवर सांगितले तर डॉक्टर डोसचा फेरविचार करतात, फिजिओथेरपी आणि घोट्याला आधार देणारा स्प्लिंट सुरू होतो; औषध थांबल्यावर बहुतेक मुलांचा पाय काही महिन्यांत बराच सुधारतो.

याच औषधाने आतड्याच्या नसाही मंदावतात. शी चार-चार दिवस होत नाही, पोट फुगते, आणि पांढऱ्या पेशी कमी असताना घरच्या घरी एनिमा देणे धोक्याचे असल्याने पातळ औषधावरच भागवावे लागते. क्वचित मूत्राशयही शिथिल पडते, तेव्हा ओटीपोट टम्म असूनही लघवी उतरत नाही.

मूत्राशयाचा दुसरा त्रास वेगळ्याच औषधाचा आहे. सायक्लोफॉस्फामाइड आणि आयफोस्फामाइड ही कर्करोगावरचीच औषधे शरीरात मोडताना ॲक्रोलिन हे दाहक रसायन तयार होते, ते लघवीत साचते आणि मूत्राशयाचे अस्तर जाळते. मग जळजळ होते, लघवीतून रक्त जाते. म्हणून भरपूर सलाइन दिले जाते, आयफोस्फामाइडबरोबर आणि सायक्लोफॉस्फामाइडच्या मोठ्या डोसबरोबर मेस्ना दिले जाते, कारण ते लघवीतच ॲक्रोलिनला निकामी करते. डॉनोरुबिसिन या कर्करोगावरच्या आणखी एका औषधाच्या लाल इंजेक्शननंतरही एक-दोन दिवस लघवी तांबूस होते. तो निव्वळ औषधाचा रंग असतो. घाबरलेल्या आईने हा फरक स्वतः ठरवू नये, विचारावे. एवढ्याशा गोष्टीसाठी कशाला फोन करायचा, या संकोचात रात्र घालवण्याचे कारण नाही.

रात्रीचे दोन वाजले आहेत. आज सायक्लोफॉस्फामाइड मिळाले आहे, त्यामुळे लघवी मूत्राशयात साचू द्यायची नाही. आई त्याला उठवते, तो कुरकुरतो, भिंत धरून मोरीपर्यंत जातो. मापाच्या भांड्यातला आकडा ती वहीत लिहिते, आणि मग त्याच ओळीपुढे, उद्या डॉक्टरांना दाखवण्यासाठी, आणखी तीन शब्द: उजवी चप्पल निसटते.