छतावरच्या सळया

नमस्कार, श्रोतेहो.

कष्टकऱ्यांच्या कुठल्याही वस्तीतून जाताना मान वर केलीत, तर घरोघरी छतावर कॉलमच्या सळया उभ्या दिसतील. कुणी त्यांना सिमेंटचं पाणी फासलेलं असतं, कुणी रिकामी बाटली उपडी घातलेली. बघणारा म्हणतो, काम अर्धवट पडलंय. घरातल्या माणसाला विचारा. तो सांगेल, वर खोली काढायचीय.

रोजंदारीवरचं घर असंच वाढतं. आधी पत्रे आणि ताडपत्री, मग विटांच्या भिंती, मग स्लॅब, मुलाचं लग्न ठरलं की वरची खोली. यात पंधरा-वीस वर्षं सहज जातात. बँकेला दर महिन्याला हप्ता हवा. यांची कमाई आज आहे, उद्या नाही. तारणाला जागेचे कागदही बरेचदा नसतात. मग चार पैसे सुटले की विटा आणून टाकायच्या. रोख पैसा दुखण्याखुपण्यात, देण्याघेण्यात जातो. विटा कुणी उसन्या मागत नाही! सिमेंटचं मात्र तसं नाही. गोणी दोन-तीन महिने पडून राहिली की दमट हवेनं तिचा जोर उतरतो. म्हणून विटा, खडी आधी जमवायची, सिमेंट अगदी कामाच्या तोंडावर.

मी याचे गोडवे गाणार नाही. पुढे खोली काढली की मधल्या खोलीची खिडकी बुजते, तिथे भरदुपारी दिवा लागतो. जिन्याची जागा आधी धरली नसेल, तर पुढे उभी शिडीच नशिबी येते. आणि एका मजल्याच्या पायावर तीन मजले चढवणं म्हणजे जिवाशी खेळ.

भिंती माणसं उभ्या करतातच हो. अडतं ते पाया, जिना, संडास, पाण्याची लाइन इथे. वास्तुविशारद बाळकृष्ण दोशींनी हे नेमकं हेरलं. १९८० च्या दशकात इंदूरच्या अरण्य वसाहतीत गरीब कुटुंबांना भूखंड, जोतं, संडास-पाण्याची सोय मिळाली. पुढचं घर ज्याचं त्यानं वाढवायचं. दक्षिण अमेरिकेत, चिलीतल्या इकीके शहरात वास्तुविशारद अलेहांद्रो आरावेना यांच्यापुढे पेच वेगळा होता. कुटुंबामागे सरकारी अनुदान साधारण ७,५०० डॉलर, आणि जमिनीची किंमतही त्यातच. एवढ्यात पुरेसं घर बसेना. तेव्हा २००४ च्या सुमारास त्यांनी घराचा अवघड अर्धा भाग पक्का बांधला आणि शेजारी तेवढीच जागा मोकळी सोडली. लोकांनी ती आपापल्या ऐपतीनं भरून काढली.

तुमच्याही घराचा स्लॅब टाकायचा असेल आणि मजला पुढे चढवायचा असेल, तर एक करा. आदल्या दिवशी मिस्त्रीला टेप घेऊन वर चढवा. बारा एमएमच्या सळईच्या सांध्याला साधारण दोन फूट लागतात. वर वीतभरच टोक राहिलं, तर पुढची सळई बांधायची कशाला?